आधी छप्पर

पहिल्याच शनिवारी माझ्या हातात बादली आली.

अमेरिकेतल्या एका लहानशा रेल्वे संग्रहालयात मी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं होतं. अंगणातल्या रुळावर वाफेचं इंजिन उभं होतं. चार-पाच जण काळ्या हातांनी त्याच्या अवतीभवती वावरत होते. मला पाठवलं ते त्याच्या मागच्या लाकडी डब्यात. आदल्या रात्री पाऊस झाला होता. डब्यात बाकांवर, मधल्या वाटेत, पार दारापर्यंत अकरा भांडी मांडून ठेवली होती. बादल्या, रंगाचे रिकामे डबे, एक जुनं पातेलं. ती रिकामी करायची, पुसायची, पुन्हा नेमकी त्याच जागी ठेवायची आणि कुठल्या भांड्यात किती बोटं पाणी साचलं ते एका वहीत लिहायचं. वही चांगली जाड होती. आधीची पानं दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, त्याच्याही आधीची तिसऱ्याच्या. तारीख, पाऊस, वाऱ्याची दिशा, भांड्याचा क्रमांक, पाणी. पानामागून पानं एवढंच.

सुतारकाम बघणारे सत्तरीपलीकडचे गृहस्थ दारात उभे होते. म्हणाले, "वारा पश्चिमेचा असला की चार नंबरात पाणी जास्त. पण भोक चार नंबरच्या वर नाही." भोक नेमकं कुठे आहे, हे ते तीन वर्षं शोधत होते.

त्या वाक्यानं मला तिथे धरून ठेवलं. तोवर माझी समजूत अशी होती की जुन्या रेल्वेची जपणूक म्हणजे इंजिन. गंजलेलं धूड एक दिवस वाफ सोडत उभं राहतं, शिट्टी वाजते, माणसांचे डोळे भरून येतात. माझेही आले असते. पण त्या वहीपाशी मला कळलं की या कामाचा खरा प्रतिस्पर्धी पाणी आहे. ते वर्षभर काम करतं आणि माणसं फक्त शनिवारी.

लाकडी डब्याच्या बाबतीत पाण्याचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच अमेरिकन डब्यांचं छप्पर दोन टप्प्यांचं असे. मधला भाग उंच उचललेला, त्याच्या दोन्ही बाजूंना उजेडासाठी आणि हवेसाठी बारीक खिडक्यांची रांग. दिसायला देखणं, आत बसलेल्याला प्रसन्न. पण जिथे उंच भाग खालच्या छपराला भेटतो, तिथे डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सांधा तयार होतो. पाणी तिथे थांबतं आणि वाट शोधतं. फळीखालच्या कमानीला धरून ते आडवं सरकतं, भिंतीच्या पोकळीत उतरतं, खिडकीच्या खांबामागून खाली जातं आणि शेवटी डब्याच्या तळाशी असलेल्या लांब तुळईवर जाऊन बसतं. सगळा डबा त्या तुळयांवर पेललेला असतो. खालून लोखंडी सळ्यांचा ताण देऊन त्यांना सरळ ठेवलेलं असतं. तुळई कुजली की सळ्या कितीही आवळा, डब्याची टोकं खाली झुकू लागतात. बाहेरून बघाल तर रंग ठीकठाक. गृहस्थांनी मला स्क्रूड्रायव्हर दिला आणि सांगितलं, इथे दाब. ओल्या भाकरीत बोट जावं तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

बादलीत दिसणारं पाणी म्हणजे निदान सापडलेलं पाणी. वहीत न येणारं पाणी जास्त वाईट.

ही कामं करणाऱ्या माणसांचा इतिहास वाचायला लागले तेव्हा एक क्रम पुन्हा पुन्हा दिसला. आधी वस्तू वाचवायची, छपराचं नंतर बघू. त्यात त्यांची चूक नव्हती. भंगाराची तारीख ठरलेली असे, विचार करायला उसंतच नसे. १९३९ साली मेन राज्यात काही तरुणांनी मिळून एक उघडी ट्रॉली, म्हणजे ट्रामगाडी, १५० डॉलरला विकत घेतली. बिडफर्ड आणि साको या गावांच्या मार्गावरची ही ३१ नंबरची गाडी. आज तिथे सीशोर ट्रॉली म्युझियम आहे. १९५३ मध्ये शिकागोच्या बाजूला दहा जणांनी प्रत्येकी १०० डॉलर काढले आणि इंडियाना रेलरोडची ६५ नंबरची विजेची गाडी घेतली. त्यातून पुढे युनियन या गावी इलिनॉय रेल्वे म्युझियम उभं राहिलं. दहा माणसं, एक गाडी, आणि ती ठेवायला स्वतःची वीतभर जागा नाही! १९६४ साली ते युनियनच्या माळावर आले तेव्हा रूळसुद्धा त्यांनाच टाकावे लागले. आज तिथे गाड्यांसाठी शेडच्या रांगा आहेत. मी त्या शेड बघते तेव्हा आतल्या गाड्यांइतकाच त्यांचा पत्रा मला मोलाचा वाटतो. तो पत्रा कुणीतरी वर्षानुवर्षं पैसे मागून मागून मिळवलेला आहे.

मागायला गेलं की कळतं. इंजिनासाठी लोक देतात. बॉयलरच्या नव्या नळ्यांसाठी देतात, शिट्टीसाठी तर नक्कीच देतात. "छपरासाठी" म्हटलं की समोरच्याचा चेहरा विझतो. मी स्वतः हे काम करते. माहितीच्या टेबलाशी बसते, दानपेटी समोर असते. एकदा एका आजींनी विचारलं की पैसे कशाला लागतात. मी त्यांना डब्यात नेलं आणि वही दाखवली. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग पेटीत नोट टाकून गेल्या. त्यानंतर मी वही टेबलावरच ठेवायला लागले.

छपराची किंमत कळायला बाल्टिमोरइतकं मोठं उदाहरण नाही. तिथल्या बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेलरोड म्युझियमचा १८८४ सालचा राउंडहाउस म्हणजे डबे दुरुस्त करण्यासाठी बांधलेली बावीस बाजूंची प्रचंड गोल इमारत. मध्यभागी गाडी फिरवायची चक्री आणि भोवती अमेरिकेतली सगळ्यात जुनी इंजिनं. फेब्रुवारी २००३ मध्ये मोठं बर्फाचं वादळ आलं आणि त्या छपराचा जवळजवळ अर्धा भाग बर्फाच्या ओझ्यानं आत कोसळला. एकोणिसाव्या शतकातली इंजिनं तुळयांखाली आणि बर्फाखाली दबली. ज्या रेल्वेचं पहिलं काम १८२८ मध्ये सुरू झालं, तिच्या १७५व्या वर्षातलं हे संकट. इमारत सावरून नोव्हेंबर २००४ मध्ये पुन्हा उघडली. आधी छप्पर, मग चिरडलेल्या वस्तूंची दुरुस्ती, आणि ती पुढे किती तरी वर्षं चालली. देशातल्या इतक्या नामांकित संग्रहालयावर ही वेळ आली, हे मला वहीतल्या प्रत्येक पावसाळी शनिवारी आठवतं. आमच्याकडे तर ताडपत्री आहे.

याच्या उलटही एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी छपराची बाजू मांडणं प्रामाणिक होणार नाही. वेल्समधल्या बॅरी बंदराजवळ डाय वुडहॅम नावाचे भंगार व्यावसायिक होते. ब्रिटिश रेल्वेनं वाफेची इंजिनं मोडीत काढली तेव्हा त्यांनी त्यातली २९७ विकत घेतली. पण त्याच वेळी मालगाड्यांचे वॅगनही मोडायला येत होते आणि ते तोडणं सोपं होतं. म्हणून कामगारांना त्यांनी आधी वॅगनवर लावलं. इंजिनं रांगेत उभी राहिली. समुद्राचा खारा वारा, पाऊस, वर आभाळ. वर्षामागून वर्षं. १९६८ मध्ये पहिलं इंजिन जपणूक करणाऱ्यांच्या हाती तिथून बाहेर पडलं आणि १९९० पर्यंत असं करत करत २१३ इंजिनं वाचली. एका अंगणातून! ब्रिटनमध्ये आज हौशी मंडळींच्या मार्गांवर धावणारी कितीतरी इंजिनं बॅरीतून आलेली आहेत.

म्हणजे लोखंड उघड्यावर तग धरतं. त्याला वेळ मिळाला तर नंतर कुणीतरी येऊन गंज खरवडतो, पत्रे बदलतो, पुन्हा उभं करतो. लाकडाला ती सवलत नाही. त्या वीस-बावीस वर्षांत एखादा लाकडी डबा तिथे उभा असता तर त्याची माती झाली असती.

दुसरे भंगार व्यावसायिक पेनसिल्व्हेनियातले, आणि त्यांच्याबद्दल मला जास्त ओढ आहे. ईस्ट ब्रॉड टॉप हा तीन फूट रुंदीचा कोळशाचा लहान लोहमार्ग १९५६ मध्ये बंद पडला. निक कोवालचिक यांनी तो भंगारासाठी विकत घेतला आणि मोडलाच नाही. रूळ, इंजिनं, कारखाना, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. १९६० मध्ये थोड्या अंतरावर पर्यटकांसाठी गाडी सुरू केली आणि ती २०११ पर्यंत चालली. रॉकहिल फर्नेस इथला कारखाना म्हणजे या मार्गाचं काळीज. छताखालून फिरणारे लांब दांडे, त्यांवरून खाली उतरणारे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर चालणारी लेथ, छिद्रं पाडायची यंत्रं, लोहारशाळा. हे सगळं तिथे टिकलं, कारण ते आत होतं. एखादं इंजिन बागेत उभं करून ठेवता येतं. कारखाना असा उचलून ठेवता येत नाही. त्याला त्याच्याच भिंती हव्यात आणि त्याचंच छप्पर.

१९८३ पासून या मार्गाच्या मित्रांची एक संघटना तिथे श्रमदान करते. दूरदूरची माणसं सुट्टी घेऊन येतात आणि खिडक्यांच्या चौकटी दुरुस्त करतात, खचलेला पाया सावरतात, फळ्या बदलतात, रंग देतात. २०११ नंतर गाडी थांबली, तेव्हाही त्यांचं काम थांबलं नाही. मला या माणसांचं फार वाटतं. गाडी बंद, मालक दुसराच, उद्या काय होईल ठाऊक नाही, आणि तरी दुसऱ्याच्या इमारतीची खिडकी नीट बसवायला माणूस तीनशे मैल गाडी हाकत येतो! २०२० मध्ये एका प्रतिष्ठाननं हा मार्ग विकत घेतला आणि २०२३ मध्ये सोळा नंबरचं इंजिन, जे १९५६ नंतर कधी पेटलं नव्हतं, पुन्हा वाफेवर आलं. बातमीत सगळीकडे सोळा नंबरचा फोटो होता. मी फोटोत त्याच्या मागची भिंत बघत होते.

इंजिनाच्या बाजूला काम करणाऱ्या मंडळींना मी कमी लेखत नाही. त्यांच्या कामात जी शिस्त आहे ती आमच्याकडे यायला हवी. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनियातच एका पर्यटक गाडीच्या इंजिनात बॉयलरमधलं पाणी कमी झालं. अग्निपेटीच्या वरच्या पत्र्यावर पाणी कायम हवं. ते उतरलं तर पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या दाबानं फाटतो. तिथे तेच झालं आणि इंजिनावरचे तिघे भाजले. त्यानंतर नियम कडक झाले. आता इंजिन १,४७२ दिवस वापरलं गेलं किंवा १५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा ते पुरतं उघडून तपासावं लागतं. नळ्या काढायच्या, पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजायची, आतल्या टेकू-बोल्टांवर हातोडी मारून आवाज ऐकायचा. धड बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. मी एकदा कानात बोळे न घालता दारात उभी राहून तो आवाज ऐकला आहे. शेकडो बोल्ट, एकेक करून, आणि प्रत्येकाची नोंद. तेव्हा वाटलं, त्यांचीही एक वही आहे.

आता आमच्या डब्याचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही छपराचं जुनं कापड काढलं. अशा डब्यांवर बऱ्याचदा पत्रा नसतो. एकमेकींत खाचेनं बसणाऱ्या अरुंद फळ्या आणि त्यांवर ताणून बसवलेलं जाड कॅनव्हास, एवढंच असतं. पूर्वी फळ्यांवर सफेदा आणि जवसाचं तेल यांचा दाट थर देऊन तो ओला असतानाच कापड अंथरत, कडेनं तांब्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत आणि वरून रंगाचे थरावर थर चढवत. सफेदा म्हणजे शिसं, त्यामुळे तो आता वापरत नाहीत. पण खरवडताना जुना निघतोच, म्हणून तोंडावर मुखवटा आणि अंगावर कागदी झगा. उन्हाळ्यात त्या झग्यात घामानं अंघोळ होते.

कापड काढलं आणि भोक सापडलं. चार नंबरच्या भांड्यापासून पुरे अडीच मीटर पुढे, धुराड्याच्या पाइपापाशी. डब्यात पूर्वी शेगडी असे, तिचा पाइप छपरातून वर जाई. शेगडी केव्हाच गेली, पाइप कापला गेला आणि भोकावर कुणीतरी पत्र्याचं ठिगळ मारलं. ठिगळाखालून पाणी कमानीवर येई, कमानीवरून मागे सरके आणि चार नंबरात पडे. पश्चिमेचा वारा ते ठिगळाखाली ढकलत असे. गृहस्थ ठिगळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग वही मागून घेतली आणि त्यात स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली.

नव्या छपरावर काय घालायचं, यावर आमच्यात खरंखुरं भांडण झालं. काहींचं म्हणणं, रबरासारखा आधुनिक पडदा चिकटवा, वीस वर्षं बघायला नको. तो स्वस्तही होता. माझं मत कॅनव्हासच्या बाजूनं होतं आणि अजून आहे. स्टेशनच्या इमारतीवर, जुन्या कौलांच्या खाली, डोळ्यांआड, आधुनिक थर घाला, तिथे माझी हरकत नाही. पण डब्याचं छप्पर फळ्या, कापड आणि रंग मिळूनच बनतं. डबा रुळावरून जाताना अंग मोडतो, पिळवटतो. कापड त्याच्याबरोबर हलावं म्हणूनच निवडलेलं होतं. शिवाय कापड बसवायची विद्या ते बसवल्याशिवाय शिकता येत नाही. आमच्या गृहस्थांनी ती दुसऱ्या कुणाकडून शिकली होती. ते नसतील तेव्हा कॅनव्हास हवं असं कितीही वाटलं तरी उपयोग काय? दोन बैठका झाल्या. कॅनव्हास ठरलं. रबरवाल्यांतले दोघे दुसऱ्या शनिवारी सगळ्यांच्या आधी शिडीवर होते.

कापड एक सलग, डब्याच्या लांबीचं. दोन टोकांना चौघे-चौघे, हातात रुंद जबड्याच्या पकडी. गृहस्थ मधोमध फळीवर बसून बोटांनी कापड चाचपत, सुरकुती कुठे राहते ते सांगत. "ओढा" म्हटलं की ओढायचं, "थांबा" म्हटलं की श्वाससुद्धा धरायचा. माझ्या शेजारी एक सतरा वर्षांची मुलगी होती. शाळेतून सक्तीचे सेवेचे तास भरायला आली होती आणि तास संपून चार महिने झाले तरी येत होती. पहिली चूक कडेला ठोकायची तेव्हा गृहस्थांनी हातोडी तिच्याकडे दिली. तिनं ती सरळ ठोकली.

जुन्या कापडाचा एक हातभर तुकडा आम्ही ठेवून दिला आहे. त्यावर रंगाचे थर मोजता येतात. पाणी लावून पॉलिश कागदानं तिरपं घासलं की झाडाच्या वर्तुळांसारखे ते उघडे पडतात. काळा, तपकिरी, पुन्हा काळा, मग लालसर, मग आणखी कितीतरी. कुठली फळी नवी, कुठली मूळची, नवीचं लाकूड कुठलं, सगळं कागदावर आहे आणि प्रत्येक नव्या फळीच्या पाठीवर साल कोरलेलं आहे. पन्नास वर्षांनी छप्पर पुन्हा उघडणाऱ्याला आम्ही काय केलं ते कळायला हवं. त्याला आमच्याबद्दल अंदाज बांधत बसावं लागू नये. ठिगळ मारणाऱ्यानं एक ओळ लिहून ठेवली असती तर आमची तीन वर्षं वाचली असती.

रंगाचे शेवटचे हात दिले आणि पुढच्याच आठवड्यात जोराचा पाऊस आला, वारा पश्चिमेचा. शनिवार नव्हता. तरी संध्याकाळी मी गेले. गृहस्थ आधीच आले होते, टॉर्च घेऊन. भांडी आम्ही उचलली होती. त्याऐवजी अकराही जागांवर वर्तमानपत्रं पसरली होती, कारण कागदावर थेंबसुद्धा लपत नाही. आम्ही एका टोकापासून चालत गेलो. एक, दोन, तीन. चार नंबरपाशी ते वाकले, कागदावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. कोरडा. वर छपरावर पावसाचा आवाज येत होता, जाड आणि सलग, नगाऱ्यावर चादर टाकून वाजवावं तसा.

नऊ नंबरच्या कागदावर एक वर्तुळ होतं. आठ आण्याएवढं. टॉर्च वर धरला, तर बारीक खिडक्यांच्या रांगेतल्या शेवटच्या काचेच्या कोपऱ्यात पुट्टी सुटलेली दिसली.

त्यांनी वही उघडली. तारीख, पाऊस, वारा पश्चिमेचा, नऊ नंबर, एक थेंब. मग पेन माझ्या हातात दिलं आणि सही कर म्हणाले. शिडी शनिवारी त्या कोपऱ्यात लावायची आहे.